टर्बो गाडीचं कूलंट कमी होतंय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कराडला हायवेलगत आमचं गॅरेज आहे. एका बाजूने खंबाटकी चढून आलेल्या गाड्या येतात, दुसऱ्या बाजूने चिपळूणहून कुंभार्ली चढून आलेल्या. बॉनेट उघडं, वाफ निघतेय आणि मालक हातात बिसलेरीची बाटली घेऊन उभा, हे दृश्य उन्हाळ्यात आठवड्यातून दोनतीनदा तरी बघतो. प्रत्येकाचे प्रश्न थोड्याफार फरकाने तेच असतात, म्हणून ते इथे एकत्र लिहिले आहेत. सगळं छोट्या टर्बो पेट्रोल आणि टर्बो डिझेल गाड्यांना धरून आहे, कारण आता रस्त्यावर त्याच जास्त आहेत.

कूलंट थोडंफार कमी होतंच ना? वरून टाकत राहिलं तर काय बिघडलं?

हल्लीच्या गाड्यांची कूलिंग सिस्टिम सगळीकडून बंदिस्त असते. वर्षभरात टाकीतली पातळी बोटभर उतरली तर मी काही बोलणार नाही. पण टाकीवरच्या मॅक्सच्या खुणेवरून मिनच्या खुणेवर यायला महिनासुद्धा लागला नाही, तर गाडी पाणी खातेय असं समजा. ते कुठेतरी जातंय, आणि जाण्याची जागा आपोआप बुजत नाही.

नुसतं वरून टाकत राहण्यात दोन तोटे आहेत. एक म्हणजे लहान गळती एक दिवस मोठी होते आणि तो दिवस नेमका घाटातला असतो. दुसरं, साधं पाणी टाकून टाकून कूलंट पातळ होतं, त्यातला गंज रोखणारा गुण जातो आणि आतून ॲल्युमिनियम खायला सुरुवात होते. पातळी बघायची ती सकाळी, इंजिन पूर्ण थंड असताना, गाडी सपाट जागी उभी असताना. गरम इंजिनवर दिसणारी पातळी फसवी असते.

टर्बो असला की कूलंटची भानगड वाढते का?

वाढते. टर्बोच्या टर्बाइनवर येणारा धूर पेट्रोल गाडीत ९०० अंशांच्या पुढे जाऊ शकतो, आणि आतला शाफ्ट मिनिटाला दीड-दोन लाख फेरे घेतो. त्या शाफ्टच्या बेअरिंगला तेल तर असतंच, पण बऱ्याच गाड्यांत, पेट्रोलमध्ये तर हमखास, बेअरिंगच्या घरातून कूलंटही फिरवलेलं असतं. म्हणजे कूलंटच्या दोन जास्तीच्या लाइनी आल्या, एक जाणारी आणि एक येणारी. प्रत्येक टोकाला बँजो बोल्ट (आतून पोकळ, ज्यातून कूलंट जातं) किंवा क्लॅम्प, बोल्टच्या दोन्ही बाजूंना तांब्याचे वॉशर. हे सगळं इंजिनच्या सगळ्यात तापलेल्या कोपऱ्यात. रबर तिथे कडक होतं, वॉशर बसका होतो, ओ-रिंग बिस्किटासारखी तुटते.

दुसरी गोष्ट दाबाची. टर्बो सिलिंडरमध्ये जास्त हवा कोंबतो, त्यामुळे आतला दाब वाढतो आणि हेडगास्केटवरचा, म्हणजे इंजिनचा वरचा भाग (हेड) आणि खालचा ब्लॉक यांच्यामधल्या सीलवरचा, ताणही. म्हणून टर्बो गाडीत काही दोष फक्त चढावर, एक्सिलरेटर दाबल्यावरच दिसतात. गॅरेजच्या दारात न्यूट्रलला चालू ठेवून काही सापडत नाही, याचं कारण हेच.

शिवाय काही टर्बो पेट्रोल गाड्यांचा इंटरकूलर, म्हणजे टर्बोतून आलेली हवा गार करणारा भाग, हवेवर नाही, कूलंटवर चालतो. गळतीची आणखी एक जागा.

खाली एक थेंब पडत नाही, पण टाकी रिकामी होते. मग जातं कुठे?

हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न आहे, आणि याच प्रश्नावर लोकांचे सगळ्यात जास्त पैसे वाया जातात. थेंब पडत नाही म्हटलं की समोरचा लगेच म्हणतो, "आत जातंय, हेड उतरवायला लागेल."

माझ्या हातूनही हे झालंय. बऱ्याच वर्षांपूर्वी पाटणकडचे एक शिक्षक गाडी घेऊन आले होते. दर दहा दिवसांनी अर्धा लिटर कूलंट जायचं. खाली कोरडं, पायपुसणी कोरडी, तेल स्वच्छ. मी हेड उतरवलं. गास्केट शाबूत, हेड सरळ. तरी फेस मारून, म्हणजे हेडचा खालचा पृष्ठभाग घासून सपाट करून, नवीन गास्केट घालून दिलं. पंधरा दिवसांनी सर परत आले. आवाज न चढवता म्हणाले, "मिस्त्री, परत मिनच्या खाली गेलंय." ते मला अजून टोचतं.

त्या वेळी मात्र मी पाना उचलला नाही. इंजिन थंड होऊ दिलं, टर्बोवरचा उष्णता अडवणारा पत्रा काढला आणि दातांचे डॉक्टर वापरतात तसला छोटा आरसा पाइपच्या मागे धरून टॉर्च मारला. टर्बोतून बाहेर येणाऱ्या पाइपच्या बोल्टखाली, आपल्याला वरून कधीच दिसणार नाही अशा बाजूला, गुलाबी पापुद्रा होता. मिठागराच्या कडेला मीठ साचतं तसा, बारीक खड्यांचा. नखाने खरवडला तर चुरा झाला. गळती होती, पण इंजिन गरम असतानाच, आणि थेंब बाहेर येताच तापलेल्या लोखंडावर वाफ होऊन जात होता. जमिनीपर्यंत पोचायला काही उरतच नव्हतं. तांब्याचे दोन वॉशर बदलले. काम तेवढंच होतं. सरांना हेडच्या कामाचे पैसे परत दिले, कारण ते काम त्यांच्या गाडीला नकोच होतं.

तेव्हापासून आमच्याकडे नियम आहे. जागा डोळ्यांनी दिसल्याशिवाय हेडच्या बोल्टला हात लावायचा नाही.

थेंब न पडता कूलंट जाण्याच्या जागा साधारण या: टर्बोच्या लाइनी, डिझेल गाडीत ईजीआर कूलर (इंजिनमध्ये परत जाणारा धूर गार करणारा), कूलंटवर चालणारा इंटरकूलर, केबिनमधला हीटर, ऑइल कूलर, खराब झाकण, आणि शेवटी हेडगास्केट. मी ज्या क्रमाने लिहिलंय त्याच क्रमाने बघतो.

गॅरेजला जाण्याआधी मी घरी काय बघू शकतो?

बरंच काही, आणि अवजारं लागत नाहीत. सकाळी थंड इंजिनवर पातळीला पेनाने खूण करा, तारीख आणि किलोमीटर लिहून ठेवा. आठ दिवस रोज बघा. किती किलोमीटरला किती उतरलं हे सांगणारा माणूस आला की माझं अर्धं काम झालेलं असतं.

रात्री गाडीखाली जुना पुठ्ठा पसरा. सकाळी डाग कुठे आहे ते बघा: रेडिएटरखाली, पट्ट्याच्या बाजूला, की मागे केबिनच्या भिंतीजवळ. काही गळत्या फक्त थंडीतच होतात. रात्री इंजिन गार झालं की रबर आणि क्लॅम्प आकसतात, पहाटे चार थेंब पडतात, गाडी गरम झाली की परत घट्ट. डिसेंबरमध्ये अशा गाड्या बऱ्याच येतात.

मग टॉर्च घेऊन बॉनेटखाली बघा. ओलं शोधू नका, वाळलेलं शोधा. पांढरट, हिरवट, गुलाबी पापुद्रा, पाइपच्या टोकाला, रेडिएटरच्या प्लॅस्टिक टाकीच्या जोडावर, थर्मोस्टॅटच्या प्लॅस्टिक घराखाली. कूलंट वाळलं तरी त्याचा रंग आणि क्षार मागे राहतात. बॉनेट उघडायच्या आधीच गोडसर, काकवीसारखा वास येतो का तेही बघा.

केबिनमध्ये पायाखालचं कार्पेट दाबून बघा. ओलं, चिकट लागलं आणि काचेवर तेलकट धुकं जमत असेल तर हीटरचा कॉइल गेलाय.

चाखून बघू नका. जुने मिस्त्री बोट लावून जिभेवर ठेवायचे. इथिलीन ग्लायकॉल विषारी आहे, ही सवय सोडून द्या.

गाडीखाली पाण्याचं थारोळं आहे. एसीचं पाणी आहे की कूलंट?

बोटांवर घेऊन चोळा. एसीचं पाणी साधं असतं, वास नाही, रंग नाही, वाळलं की काही उरत नाही. ते बहुतेक डाव्या सीटच्या पुढच्या भागाखाली पडतं. कूलंट बुळबुळीत लागतं आणि फरशीवर डाग सोडतं.

प्रेशर टेस्ट म्हणजे नक्की काय करतात?

टाकीचं झाकण काढून तिथे हातपंप बसवतात, त्यावर दाब दाखवणारा काटा असतो. झाकणावर जेवढा दाब लिहिलाय, साधारण ०.९ ते १.४ बार, तेवढाच भरायचा. त्याच्या वर गेलात तर चांगला रेडिएटर फोडाल. मग पंधरा-वीस मिनिटं थांबायचं. काटा खाली सरकला तर गळती आहे, आणि इंजिन बंद आणि थंड असल्यामुळे ती हात घालून शोधता येते.

टर्बो गाडीत एवढ्यावर थांबू नका. थंड इंजिनवर काटा हलला नाही म्हणून गाडी सुटली असं होत नाही. इंजिन गरम करून, झाकण सुरक्षितपणे उघडता येईल इतकं निवल्यावर, अंग कोमट असतानाच पुन्हा दाब भरा आणि टर्बोच्या लाइनी, वॉटर पंपाचं भोक, थर्मोस्टॅटचं घर आरशाने बघा. वॉटर पंपाच्या अंगाला मुद्दाम एक छोटं भोक ठेवलेलं असतं. आतलं सील गेलं की पाणी तिथून बाहेर येतं, बेअरिंगमध्ये जात नाही. भोकाखाली रंगाची रेघ दिसली तर पंप गेला. काही इंजिनांत हा पंप टायमिंग बेल्टवर चालतो आणि कव्हरच्या आत लपलेला असतो. तिथे पंप आणि बेल्ट एकाच वेळी बदला, कूलंटने भिजलेल्या बेल्टवर भरवसा ठेवू नका.

तरीही सापडलं नाही तर कूलंटमध्ये चमकणारा रंग घालायचा, गाडी दोनतीन दिवस नेहमीसारखी चालवायची आणि अंधारात जांभळ्या टॉर्चने बघायचं. गळतीची जागा पोपटी चमकते. गॅरेजवाल्याने ही टेस्ट न करता थेट हेडचा अंदाज दिला तर त्याला नम्रपणे विचारा, "प्रेशर लावून बघितलं का?"

हेडगास्केट गेलंय हे कशावरून ओळखायचं?

एका लक्षणावरून नाही. एकत्र बघावं लागतं.

सकाळी इंजिन सुरू केल्यावर दोनतीन मिनिटांतच, पाणी तापायच्या आधीच, वरचा होज (रेडिएटरला जोडलेला रबरी पाइप) दगडासारखा कडक झाला तर ज्वलनाचा वायू पाण्यात येतोय. घाट चढताना टाकीतून कूलंट बाहेर फेकलं जातं आणि सपाटीवर मात्र काही होत नाही, हेही टर्बो गाडीतलं ठळक चिन्ह. पांढरा धूर गरम इंजिनवरही थांबत नाही आणि त्याला गोडसर वास येतो. एखादा स्पार्क प्लग बाकीच्यांपेक्षा धुतल्यासारखा स्वच्छ निघतो, कारण त्या सिलिंडरमध्ये वाफ होतेय.

मग निळ्या द्रावणाची टेस्ट. टाकीच्या तोंडावर नळी लावून तिथली हवा निळ्या द्रावणातून ओढतात. हवेत ज्वलनाचा कार्बन डायऑक्साइड असेल तर पेट्रोल गाडीत द्रावण पिवळं होतं, डिझेलमध्ये हिरवट. आधी टाकीतली पातळी थोडी कमी करा. कूलंट नळीत ओढलं गेलं तर टेस्ट वाया जाते. डिझेल इंजिन न्यूट्रलला इतकं थोडं इंधन जाळतं की धुरात कार्बन डायऑक्साइडच कमी असतो. म्हणून आम्ही गाडी चढावर दामटवून आणतो आणि मग टेस्ट करतो. नाहीतर दोष असूनही द्रावण निळंच राहतं.

शेवटचा पुरावा म्हणजे रात्रभर दाब भरून ठेवायचा, सकाळी प्लग काढून कॅमेऱ्याची नळी सिलिंडरमध्ये सोडायची. पिस्टनवर पाणी साचलेलं दिसलं की मग हेड उतरवायला मी तयार.

ऑइलच्या झाकणाखाली पांढरं लोणी दिसतंय. इंजिन गेलं का?

पावसाळ्यात रोज दोन किलोमीटर चालणाऱ्या गाडीत ते दिसतंच. इंजिन पुरतं तापत नाही आणि हवेतली वाफ झाकणाखाली पाणी होऊन जमते. डिपस्टिक (तेलाची पातळी बघायची पट्टी) काढा. तिच्यावरचं तेल स्वच्छ असेल तर गाडी तासभर हायवेला चालवा, लोणी निघून जाईल. डिपस्टिकवरच दुधाळ तेल असेल तर मात्र इंजिन सुरू करू नका, टो करून आणा.

उलट कूलंटच्या टाकीत तपकिरी गाळ तरंगत असेल तर आधी ऑइल कूलरवर संशय घ्या. इंजिन चालू असताना तेलाचा दाब पाण्यापेक्षा जास्त असतो, त्यामुळे कूलर फुटला की तेल पाण्यात शिरतं. हेड न उतरवता निघणारं काम आहे.

डिझेल गाडीत ईजीआर कूलरचं एवढं नाव का घेतात?

कारण तो हमखास गुपचूप खातो. तापलेला धूर परत इंजिनमध्ये पाठवण्याआधी कूलंटने गार करायचं हे त्याचं काम. वर्षानुवर्षं तापून-गार होऊन आतल्या नळीला बारीक चीर पडते. कूलंट धुराबरोबर इंजिनमध्ये जातं आणि सायलेन्सरमधून निघून जातं. खाली थेंब नाही, तेल स्वच्छ, होज मऊ. सकाळी सुरू करताना थोडा पांढरा धूर, बस.

कूलर काढून, तोंडं बंद करून, त्यात हवेचा दाब भरून पाण्याच्या बादलीत बुडवा. सायकलचं पंक्चर काढतात तसे बुडबुडे दिसतील. कूलरची काजळी एके ठिकाणी धुवून निघालेली असेल तर बादलीचीही गरज नाही.

कूलंटवर चालणाऱ्या इंटरकूलरचंही असंच. तिथे हवेचा पाइप काढून आत ओलसर दिसतंय का बघायचं. हा दोष लवकर पकडा, कारण सिलिंडरमध्ये एकदम पाणी शिरलं तर कनेक्टिंग रॉड वाकतो.

नुसतं झाकण बदलून बघू का?

बघा. झाकण स्वस्त आहे आणि फार लोक ते विसरतात. एक बार जास्तीच्या दाबाखाली साधं पाणी १२० अंशांना उकळतं, निम्मं-निम्मं कूलंट मिसळलेलं त्याहूनही वर. झाकणाची स्प्रिंग सैल झाली की हा फायदा गेला, आणि घाटात कूलंट उकळून बाहेर. मात्र टाकीच्या जोडावर केसाएवढी चीर नाही ना, तेही बोट फिरवून बघा.

घाटात तापमानाचा काटा वर गेला. आता काय करू?

एसी बंद करा, हीटर पूर्ण गरमवर आणि फॅन फुल. इंजिनची थोडी उष्णता केबिनमध्ये ओढली जाते. तरीही काटा चढतच असेल किंवा लाल दिवा लागला तर सुरक्षित जागी गाडी लावून लगेच इंजिन बंद करा. पाऊण तास तरी झाकणाला हात लावू नका. दाबाखालचं पाणी झाकण सैल होताच उसळतं, चेहरा आणि हात भाजलेली माणसं मी बघितली आहेत. निवल्यावर जाड फडकं टाकून, हळूहळू झाकण फिरवा.

एक फसवणूक लक्षात ठेवा. काटा पाण्याचं तापमान सांगतो, लोखंडाचं नाही. सगळं कूलंट निघून गेलं की सेन्सर कोरडा पडतो आणि काटा खाली येऊ शकतो. "काटा खाली आला म्हणून पुढे निघालो" असं सांगणाऱ्यांची इंजिनं सीज होऊन आलेली आहेत.

रेडिएटरमध्ये हळद टाकली की गळती बंद होते म्हणतात?

जुन्या जीप आणि ट्रकमध्ये ड्रायव्हर टाकायचे, आणि भोक बारीक असेल तर काही काळ थांबायचंही. त्या गाड्यांच्या नळ्या मोठ्या होत्या. तुमच्या टर्बोच्या लाइनी आणि हीटरचा कॉइल बारीक आहेत. हळद असो की बाजारात मिळणारी लीक बंद करणारी पावडर, ती भोक सोडून त्या नळ्या आधी बुजवते. टर्बोला कूलंट मिळेनासं झालं की बेअरिंगमधलं तेल जळून कोळसा होतं. नका टाकू.

घरचं बोअरचं पाणी चालेल का? हिरवं आणि गुलाबी कूलंट मिसळू का?

अडचणीत, घरी पोचण्यापुरतं, कोणतंही स्वच्छ पाणी चालेल. नंतर सगळं काढून नीट भरा. आपल्याकडच्या बोअरच्या पाण्यात क्षार भरपूर, चहाच्या भांड्याला बसतो तोच पांढरा थर इंजिनच्या आत बसतो. डिस्टिल्ड पाणी वापरा. आणि रंगावर जाऊ नका, रंग हा नुसता घातलेला असतो. गाडीच्या पुस्तकात जो प्रकार लिहिलाय तोच घ्या. वेगळ्या प्रकारची कूलंटं मिसळली तर काही वेळा जेलीसारखा गाळ होतो.

इंजिन बंद केल्यावरही पुढे घुंऽ असा आवाज येतो. बिघाड आहे?

नाही. काही टर्बो गाड्यांत एक छोटा इलेक्ट्रिक पंप टर्बोला गार करण्यासाठी काही मिनिटं चालत राहतो. घाट चढून आल्यावर तरीही मिनिटभर न्यूट्रलला ठेवूनच बंद करा.

काम झालं. आता निश्चिंत होऊ का?

तीन सकाळी थांबा. कूलंट भरताना हवा अडकली तर डॅशबोर्डमागे खळखळ आवाज येतो, हीटरमधून गार हवा येते आणि काटा अचानक वरखाली होतो. काही गाड्यांना हवा काढायचा स्क्रू असतो, काहींना व्हॅक्यूम लावून भरावं लागतं. घाई करणारे गॅरेजवाले हे टाळतात. पहिल्या सकाळी पातळी थोडी उतरेल, तेवढी भरा. दुसऱ्या आणि तिसऱ्या सकाळी ती पेनाच्या खुणेवर राहिली पाहिजे. मग एकदा घाट चढून या आणि चौथ्या सकाळी पुन्हा बघा.

काढलेलं जुनं कूलंट कुठे टाकू?

गटारात किंवा अंगणात नको. ते गोड लागतं म्हणून कुत्री-मांजरं चाटतात, आणि थोडंसं पोटात गेलं तरी त्यांची किडनी निकामी होते. घट्ट झाकणाच्या कॅनमध्ये भरून मुलांच्या हाताला लागणार नाही असं ठेवा आणि टाकाऊ तेल जमा करणाऱ्या गॅरेजला द्या, तेलात न मिसळता. फरशीवर सांडलेलं लगेच भरपूर भुसा टाकून उचला. आमच्या गॅरेजच्या मागे एक कुत्री आणि तिची पिल्लं राहतात, म्हणून भुशाची पोती दाराशीच असतात.